घाटात ब्रेक नरम पडले: जुन्या ड्रम-ब्रेकच्या गाडीचा प्रवास

चारही चाकांना ड्रम, एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप), सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही. चढण आणि माथ्यावरचा सपाट रस्ता निर्धोक पार पडला. उताराला निम्म्या घाटात पेडल खोल जाऊ लागलं आणि पायथ्याच्या थोडं आधी ते पायाखाली स्पंजासारखं दबायला लागलं. खालच्या गिअरवर वेग उतरवून गाडी रुंद जागी घेतली, चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडून ठेवला. तापलेल्या ड्रमवर पाणी कधीच ओतू नये, बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

लगेच निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) सोडून हवा काढायची घाई नको. आधी पायाने तपासावं. पेडल खोल जातं, पण भराभर दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन घट्ट होतं? मग शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमपासून लांब आहेत. मारूनही स्पंजी राहतं? पाइपात हवा किंवा वाफ आहे, नाहीतर जुने रबरी होज फुगताहेत. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून होज बोटांनी चाचपावेत. सतत दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसतं? कुठे तरी गळती आहे. चाकामागची प्लेट ओली नसेल, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडरची वायसर (पिस्टनवरची रबरी सील) आतल्या आत ऑइल सोडते आहे. अशा गाडीने पुढे जाऊ नये.

या गाडीत दोन दोष एकावर एक होते. तापल्यावर ड्रम प्रसरण पावतो, शूपासून दूर सरतो. मागचे शू मुळातच सैल, म्हणून आधी पेडल लांबलं. नंतर ऑइल उकळलं. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि ही मर्यादा १४० च्या आसपास येते. गार झाल्यावर स्पंजीपणा बराच गेला, लांबलेलं पेडल मात्र तसंच राहिलं. निदान तिथेच पक्कं झालं.

घाटाला निघण्याआधी ऑइल बदलाच. दोन वर्षांहून जुनं तर नकोच. मग हँडब्रेकची केबल सैल करून चाक उचला, अ‍ॅडजस्टर (शू ड्रमजवळ आणणारा स्क्रू) चाक जाम होईपर्यंत आवळा, शू मध्यावर बसण्यासाठी पेडल जोरात दाबा, पुन्हा आवळा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत सोडा. हलकी घासण चालेल. केबल शेवटी.

हवा काढताना सहसा मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या सिलिंडरच्या टोकाला, जिथे पिस्टन कधी पोचत नाही, तिथे गंज असतो. पूर्ण खाली दाबलं की वायसर त्यावर घासून फाटते आणि हवा काढायला गेलेल्याच्या पदरी नवीन दोष येतो. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडा. टाकी रिकामी होऊ देऊ नका, आणि रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा.

सोबत सीलबंद अर्धा लिटर ऑइल, पारदर्शक नळी, निपलचा आणि अ‍ॅडजस्टरचा पान्हा हवाच. डॉट ५ सिलिकॉन ऑइल यात मिसळू नये.

काम झाल्यावर पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. जराही खाली बसलं, तर उतारावर जायचं नाही. नाही बसलं, तर मोकळ्या सपाट जागी कमी वेगात गाडी चार-पाचदा थांबवून बघा, मगच घाट.