१२८ सेकंदांच्या उडीचा छडा लागला (ईएसपी३२ लॉगर)

मागच्या अपडेटमधला माझ्या लॉगरचा (ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालणारं, ठरावीक वेळाने नोंदी साठवणारं यंत्र) गुंता सुटला. नोंद दर १० सेकंदांनी, तरी सलग बारा-तेरा ओळींवर एकच टाइमस्टॅम्प (नोंदीची वेळ) आणि मग एकदम २ मिनिटं ८ सेकंदांची उडी. संशय आधी डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपवर होता, मग तिच्या तारांवरच्या पुल-अप रेझिस्टरवर. दोन्ही निर्दोष. धागा आकड्यांतच होता: प्रत्येक टाइमस्टॅम्पला १२८ ने निःशेष भाग जात होता!

घोळ प्रोग्रॅमच्या या ओळीत: टाइम.टाइम() + ९४६६८४८०० + टिक्स / १००००००. टाइम.टाइम() सेकंद देतं, टिक्स म्हणजे मायक्रोसेकंद. मधला आकडा बरोबर आहे. ईएसपी३२ वर मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) १९७० ऐवजी १ जानेवारी २००० पासून सेकंद मोजतं, त्या तीस वर्षांची ती भरपाई. पण भागाकार आला की उत्तर फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार), आणि इथला फ्लोट ३२ बिटांचा; नेमकेपणासाठी त्यातले २४ च. संख्या २ च्या ३० व्या घातापलीकडे गेली की लगतच्या दोन फ्लोटमध्ये १२८ चं अंतर पडतं. मिलिसेकंदांच्या हव्यासापायी मिनिटंच गेली. भरपाई काढली तरी उडी ६४ ची उरते. लॅपटॉपवर फ्लोट ६४ बिटांचा, म्हणून तिथे तीच ओळ अशा उड्या मारत नाही. असल्या चाचण्या बोर्डावरच कराव्यात.

उपाय म्हणजे फ्लोट हद्दपार: (टाइम.टाइम() + ९४६६८४८००) * १००० + टिक्स // १०००. टिक्स मोजायचे एसक्यूडब्ल्यूच्या (डीएस३२३१ ची चौरस-तरंग देणारी पिन) उतरत्या कडेपासून, तेही टिक्स_डिफने (दोन टिक्समधला फरक काढणारं फंक्शन), कारण टिक्स_यूएस हा मायक्रोसेकंदांचा मोजक साधारण १८ मिनिटांत शून्यावर येतो. चिपच्या कंट्रोल रजिस्टर ०एक्स०ई मध्ये शून्य लिहिल्याशिवाय त्या पिनवर १ हर्ट्झ (सेकंदाला एक ठोका) मिळत नाही.

थांबा, हे लिहितानाच खटकलं. सेकंद ईएसपी३२ च्या आतल्या घड्याळाचे आणि मिलिसेकंद डीएस३२३१ चे, म्हणजे सीमेवर टाइमस्टॅम्प एक सेकंद मागेपुढे होणारच. तेव्हा बेत बदलला: सेकंदांचा आकडा सुरुवातीला एकदा वाचायचा, पुढे प्रत्येक कडेच्या इंटरप्टमध्ये (सिग्नल येताच आपोआप चालणारा कोड) एकने वाढवायचा. टाइम.टाइम() बाद.

इंटरनेटवरून वेळ आणणारं एनटीपीटाइम मॉड्यूल सेकंदाचा अपूर्णांक सरळ टाकून देतं, म्हणून घड्याळ जवळजवळ सेकंदभर मागे लागू शकतं. सर्व्हरच्या उत्तरातले ४४ ते ४७ हे बाइट (हाच तो अपूर्णांक) घ्या, १००० ने गुणून ३२ बिट उजवीकडे सरकवा, उरलेले मिलिसेकंद थांबा आणि मगच डीएस३२३१ चं सेकंद रजिस्टर लिहा. त्या लिहिण्याने आतली विभाजन-साखळीही (सेकंदाचे भाग मोजणारी) शून्यावर येते.

जाता जाता: डीएस३२३१ बसवलेलं झेडएस-०४२ मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवून सीआर२०३२ (बटण सेल) लावणार असाल, तर डायोडजवळचा २०० ओमचा रेझिस्टर आधी काढा. ते सर्किट रिचार्ज न होणाऱ्या सेललाही चार्ज करू पाहतं.