टिळकांची गाणी, पेटी आणि पंढरपूर

मी चर्चमध्ये पेटी वाजवतो, त्यामुळे कुठलं गीत निघालं की लोक मोकळ्या गळ्याने गातात आणि कुठल्या गीताला नुसते ओठ हलवतात ते मला समोरच दिसतं. इंग्रजी चालीत बसवलेल्या भाषांतरित गीतांना बऱ्याचदा शब्द कुठेतरी ओढावा लागतो नाहीतर गिळावा लागतो. पण तेच ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं भजन निघालं की मागच्या बाकावरच्या आज्जीबाईसुद्धा पुस्तक मिटून गायला लागतात!

टिळक 1861 चे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृत पक्कं. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने त्यांना बायबलमधला नवा करार वाचायला दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत यांचा बाप्तिस्मा झाला की! मला मात्र ही भाकिताची गोष्ट तेवढी भारी वाटत नाही जेवढं त्यांचं पुढचं म्हणणं वाटतं, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे बघा, धर्म बदलला पण पूल काही पाडला नाही. अभंग, ओवी, कीर्तन सगळं सोबत घेऊनच आले, आणि ख्रिस्ताला हाक मारायची तर माउली म्हणून, गुरू म्हणून. आमच्या उपासना संगीतात त्यांची गीतं काढून टाकली तर पुस्तक किती बारीक होईल याचा विचारच करवत नाही.

आता दुसरी बाजू. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, आधी पत्तासुद्धा नव्हता. सोवळं पाळणारी बाई, पदरात लहानगा दत्तू, नवरा असा गेलेला, आणि त्या बहिणीकडे पंढरपूरला जाऊन राहिल्या. पंढरपूर!! हे लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात, स्मृतिचित्रेमध्ये, वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. तुकारामाचा हात धरून नवरा ख्रिस्ताकडे गेला आणि बायको तुकारामाच्या विठोबाच्या गावात त्याच्यासाठी रडतेय. जवळजवळ पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण मधली वर्षं कुणी भरून देणार आहे का? टिळकांची गीतं मला प्रचंड आवडतात, तरी यात ते चुकलेच असं माझं मत आहे, चर्चमध्ये बोललो की लोक जरा गप्प होतात.

बरं हा माणूस मिशनमध्येही शांत बसणारा नव्हता. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम, ज्ञानोदय या मिशनच्या नियतकालिकाचं लिखाण, घरात बालकवींसारखा पोरगा राहायला, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून सरळ संन्यासी झाले. साताऱ्यात देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, फक्त ख्रिस्ताचा शिष्य पाहिजे. त्या काळी! दोनच वर्षांत, 9 मे 1919 ला, मुंबईत वारले.

ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं ओवीबद्ध काव्य, ख्रिस्तायन, अर्धवटच राहिलं होतं, सुरुवातीचे थोडे अध्याय काय ते टिळकांचे. बाकीचे बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना लिहाय-वाचायला लग्नानंतर टिळकांनीच शिकवलं होतं. त्याही ओव्याच.