आमची वाटचाल : एक भोक पडलेला पिस्टन आणि पुढचं सगळं

साताऱ्यात आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागं लावायच्या इंजिनचं, काम करतो म्हटलं की लोक हसायचे. "समुद्र कुठाय तुमच्याकडं?" समुद्र नाही, पण कोयना धरणाचं 105 टीएमसीचं शिवसागर जलाशय आहे. कोयनेचं पाणी चढलं तसा पलीकडच्या गावांचा रस्ताच बुडाला, तेव्हापासून त्या बाजूला लाँच म्हणजे एसटी. वासोट्याचे पर्यटक फार नंतरचे.

आमचं दुकान मुळात राजदूत आणि चेतकचं. टू-स्ट्रोकचा हात होता, ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेटो कळत होता. बामणोलीकडचे एक आबा पहिलं आउटबोर्ड घेऊन आले, जीपच्या मागं, गोणपाटात गुंडाळून. "स्कूटरवाला म्हणून आणलंय. बिघडवलंस तर तुझ्या दारात टाकून जाईन." दोन सिलिंडरचं पॉइंटवालं मशीन; पॉइंट उघडला की ठिणगी पडते. दोरी ओढली की उलटा झटका द्यायचं. कुणीतरी पॉइंट अंदाजानं उघडून ठेवले होते. गॅप जास्त, म्हणजे पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढं पळतं, ठिणगी पाहिजे त्याच्या आधीच पडते. दोन्ही पॉइंट फीलर गेजनं वीस थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणले, फायबरच्या टाचेला ग्रीस लावलं, मशीन सुरू. आबांनी पैसे दिले आणि दुसऱ्या आठवड्यात भावकीतली आणखी मशीनं पाठवली.

फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं जड चाक, ओढून काढायचा पुलर मी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतला. फ्लायव्हीलच्या मधल्या तीन आट्यांत बोल्ट धरतात, तसाच पाहिजे. जबड्याचा पुलर कडेला लावून ओढणारे आणि वरून हातोडी मारणारे लोक अजून आहेत. त्यांनी एकदा क्रँकच्या बेअरिंगची किंमत विचारून बघावी. पुण्याहून आणलेलं डायल गेज, पिस्टन किती हलला ते सुईनं दाखवणारं, मात्र मी पोरांना हात लावू देत नाही. का, ते पुढं कळेल.

मधली वर्षं बरी गेली.

मग ते 40 हॉर्सपॉवरचं सीडीआयवालं, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगीचं, मशीन. मी टायमिंग लावून दिलं होतं, बऱ्याच दिवसांनी त्याच्या पिस्टनला वरून भोक पडलं. मालकानं ते दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात नेलं. तिथं हेड उघडून सांगितलं, "साताऱ्याच्या मिस्त्रीनं टायमिंग जास्त पुढं ठेवलंय." एवढं वाक्य पुरलं. चहाच्या टपरीवर, धक्क्यावर, सगळीकडं तेच. दिवाळीच्या तोंडावर, ऐन सीझनला, माझ्याकडं एक मशीन आलं नाही. एक पोरगा सोडून गेला, दुकानाचं भाडं थकलं, स्कूटर तर तोवर रस्त्यावरून संपत आल्या होत्या.

आबा मात्र त्या मालकाला घेऊनच आले. "समोर उघड, मी बसतोय." पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून डायल गेज बसवलं. पिस्टन वर पोचला की सुई क्षणभर हलत नाही, त्यामुळं नुसत्या नजरेनं टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, धरला तर चुकतो. सुई अलीकडं आणि पलीकडं सारख्याच आकड्यावर आणायची, दोन्ही जागी खडूनं खूण करायची, मधोमध खरा टीडीसी. तो आणि फ्लायव्हीलवरचा कंपनीचा टीडीसी जुळतच नव्हता.

आता ऐका. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकून फ्लायव्हीलवरच्या खुणा दाखवणारा दिवा, लावला असता तर सगळं बरोबर दिसलं असतं. खुणाही फ्लायव्हीलवर, ठिणगीला इशारा देणारे ट्रिगरचे मॅग्नेटही फ्लायव्हीलवर. दोन्ही एकत्र सरकले तर लाइटला काय कळणार? म्हणून मोठ्या दुकानातल्या लाइटपेक्षा मला सुई प्यारी.

फ्लायव्हीलचा नट सोडवायला पान्यावर जोरच लागला नाही. वुडरफ चावीला, म्हणजे फ्लायव्हील आणि क्रँकच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या तुकड्याला, मधोमध पायरी पडलेली. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर, टेपरवर, घट्ट बसलेलं असतं, चावी फक्त जागा दाखवायला. नट ठरलेल्या जोरानं, टॉर्कवर, आवळला नाही की सगळा भार चावीवर येतो. त्यात प्रोपेलर कशावर आदळला की क्रँक थबकतो आणि फ्लायव्हील पुढं घसरतं. टायमिंग आपोआप पुढं, मग भरल्या लोडवर डिटोनेशन, म्हणजे इंधनाचा एकदम स्फोट, मग भोक. प्रोपेलरची पाती बघितली तर कानशीनं घासलेली. मालक म्हणाला, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जुन्या झाडाच्या बुंध्याला लागलं होतं.

आणि फ्लायव्हील शेवटचं उघडलं कुणी? त्याच मोठ्या दुकानानं, माझ्यानंतर, भोक पडायच्या आधी, कॉइल बदलायला. बिल मालकाच्याच पाकिटात होतं. आबांनी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. त्या दुकानानं नंतर चुकीबद्दल एक शब्द काढला नाही, आजपर्यंत नाही.

धंदा हळूहळू परत आला. लाँचवाल्यांना फुकट सांगतो, ऐका न ऐका: बुंध्याला लागलं की आधी चावी बघा, प्रोपेलर नंतर. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी टायमिंग, टायमिंगच्या आधी टीडीसी. टेपर कोरडा पुसा, तेल-ग्रीस नको. आणि मशीन आणताना प्रोपेलर काढून आणू नका, त्याच्यावरूनच मला निम्मी हकिकत कळते.

त्या मोठ्या दुकानाची मशीनंही आता टायमिंगला माझ्याकडं येतात, मधल्या माणसाच्या नावानं. बिल मी दुकानाच्याच नावानं फाडतो.