निळे परागकण

४ मे

काल रानात फिरायला गेले नसते तर बरं झालं असतं.

कुंपणामागच्या पायवाटेला, ओकखाली, ब्लूबेलचा, म्हणजे निळ्या घंटांसारख्या रानफुलाचा, एक तुरा वेगळाच उभा होता. बाकीच्या सगळ्यांनी एका बाजूला माना टाकलेल्या, त्यांच्या वासाने रान भरलेलं. हा ताठ, चहूबाजूंनी घंटा, वास जवळजवळ नाहीच. वाकून आत पाहिलं तर परागकण निळे. इथल्या मूळच्या ब्लूबेलचे सायीच्या रंगाचे असतात. निळे म्हणजे स्पॅनिश, नाहीतर दोघांचा संकर. म्हणजे माझ्याच बागेतला, आणि आता तो रानातल्या मूळच्या फुलांत मिसळत जाणार. या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

२०१७ च्या ऑक्टोबरात पंचवीस कंद लावले होते. पिशवीवर नुसतं ‘ब्लूबेल’ छापलेलं. त्या महिन्यात हातांना काहीतरी काम हवं होतं. असो.

बी पडल्यापासून फूल यायला पाचेक वर्षं लागतात. तेव्हा मी तुरे वाळेपर्यंत मुद्दाम ठेवायचे. बोंडं हलवली की आतलं काळं बी खुळखुळायचं, ते ऐकायला आवडायचं मला. त्यातलंच असणार.

इथे माझा मोगरा जगला नाही, कढीपत्ता दर हिवाळ्यात जातो. जे एक मनापासून रुजलं, अर्धी बाग व्यापून बसलं, नेमकं तेच काढायचं? रात्री फार रडू आलं. आईला फोन केला तर “फुलतं झाड उपटू नये गं” एवढंच म्हणाली, आणि मग टँकरबद्दल बोलत राहिली.

सकाळी सगळे तुरे कापले. देठांचा चीक बोटांना चिकटून बसतो. पूर्वी त्याने पुस्तकं चिकटवत म्हणे. घरातले सगळे तांबे फुलांनी भरलेत. मग खणायला बसले, कारण पानं हिरवी आहेत तोवरच कंद कुठे आहेत ते कळतं. वीतभर खोल गेलेत. पान ओढलं की तुटून हातात येतं आणि कंद खालीच राहतो. दुपारपर्यंत त्रेसष्ट निघाले, काही लसणाच्या पाकळीएवढे. कंपोस्टमध्येही ते रुजतात, म्हणून काळ्या पिशवीत बांधून वर्षभर ठेवायचे.

एका वसंतात हे संपणार नाही. दर वर्षी थोडं थोडं काढीन, आधी कुंपणाकडचा वाफा. चालेल मला. आणि तोवर दर एप्रिलात घर असंच भरेल.

रानातला तो तुरा मात्र मालकाच्या परवानगीशिवाय उपटता येत नाही. त्यांना चिठ्ठी लिहायला घेतलीय. तो माझ्या बागेतून आलाय, हे पहिल्याच ओळीत लिहिलं.