सोलापुरात ‘जी’ची किंमत किती?

बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षात गेलं की तेच प्रश्न येतात. स्वतःचा अभ्यास कसा करू? जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) देऊ की बी.एड. करू? उत्तरं देतो, पण आधी जर्नल उघडा. अभ्यास कुठे बिघडलाय ते तिथेच पहिल्यांदा दिसतं.

साध्या लंबकाचा प्रयोग काढा. वर्गातल्या बहुतेक जर्नलांत जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग आलेला असतो. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. इथे जी साधारण ९.७८ भरतो. एखाद्याला ९.८१ येऊ शकतो, अख्ख्या वर्गाला नाही. तो आकडा पुस्तकातून उतरलेला असतो.

हाच प्रयोग घरी करा. हार्डवेअरच्या दुकानातला छोटा ओळंबा, न ताणणारा बारीक दोरा, मोबाईलचं स्टॉपवॉच, मोजपट्टी, बस्स. पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण वाऱ्याने ओळंबा सरळ झुलण्याऐवजी लंबगोल फिरायला लागतो. दोरा फक्त गाठीपर्यंत मोजा. ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटीमीटर अशा पाच लांबी घ्या, प्रत्येकीला २० आंदोलनं, तीन-तीनदा.

आता लांबी आडवी आणि आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग उभा घेऊन आलेख काढा. रेषेचा चढ मीटरला ४.०४ सेकंद वर्गाच्या आसपास यायला हवा. चार पाय वर्गाला (४π²) त्याने भागलं की जी मिळतो. रेषा शून्यातून जाणार नाही, तिला ओढूनताणून तिथे नेऊ नका. ती मागे वाढवल्यावर लांबीचा अक्ष जिथे कापते, तेवढंच गाठीपासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्याचं अंतर. जे मोजता येत नव्हतं ते आलेखानेच सांगितलं!

उत्तर चुकलं तर ते कसं चुकलंय ते बघा. १०.८ आला? लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटलंत, म्हणजे १९ च आंदोलनं झाली. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. आलेख न काढता एकाच लांबीवर ९.६८ आला? एक मीटरमध्ये गाठीखालचा एक सेंटीमीटर धरायचा राहिला. लंबक २० अंशांवरून सोडला तर जी दीड टक्का कमी येतो, म्हणून ५ अंशांच्या आत राहा. आणि स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तर ४० सेकंदांत अर्धा टक्का. आवर्तकालाचा वर्ग घेतल्यामुळे तो दुप्पट होतो. म्हणून एका वाचनावरून लिहायचं ते ९.८ अधिक-उणे ०.१. तीन दशांश लिहिणं खोटं आहे.

थिअरीलाही हीच शिस्त लावा. व्हिडिओ बघून ‘समजलं’ वाटतं, पण कोऱ्या कागदावर सिद्धता तिसऱ्या ओळीला अडते. ती ओळ हाच तुमचा अभ्यास. विद्युतचुंबकत्वाआधी व्हेक्टर कॅल्क्युलस आणि अवकल समीकरणं पक्की करा; तिथे कच्चं राहिलं की पुढचं सगळं पाठांतर होतं.

जॅमचा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा, परीक्षा फेब्रुवारीत. ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून टाकायचा असतो. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, पण तुक्काही चालत नाही. आपली मुलं मार खातात ती इथे, एककं आणि दशांश सांभाळताना.

नाही लागला नंबर, तर सोलापूरच्या, केगावच्या विद्यापीठातून एम.एस्सी. करूनही नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा) आणि गेट (पुढच्या उच्च शिक्षणाची प्रवेशपरीक्षा) दोन्ही देता येतात. शिकवायची मनापासून आवड असेल तर बी.एड. जरूर करा, दुसरं काही सुचत नाही म्हणून करू नका.

एका वाटेबद्दल फार कमी जणांना माहीत असतं: एम.एस्सी.नंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा डोस किती बसतो ते मोजून तपासणारा मेडिकल फिजिसिस्ट फिजिक्सचाच माणूस असतो. तिथे एका टक्क्याची चूक म्हणजे काय, हे लंबकापाशी कळलेलं असलेलं बरं.