३१ ऑगस्टनंतर बुलपेन (मागाहून उतरणाऱ्या पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची फळी) कसं सावरायचं?

मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलैअखेरची ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपली की दारं जवळपास बंद होतात. २०१९पासून ऑगस्टमधले ट्रेडही गेले. उरतं ते वेव्हर्स, म्हणजे एका संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्याने उचलणं. तिथे खराब रेकॉर्डवाल्या संघाला आधी संधी, आणि खेळाडूबरोबर त्याचा उरलेला पगारही गळ्यात पडतो. शिवाय तो ३१ ऑगस्टपर्यंत संघात आला नाही, तर प्लेऑफसाठी सहसा धरता येत नाही.

२०२३ साली क्लीव्हलँडच्या संघाने एंजल्स संघाचे जिओलिटो, लोपेझ आणि मूर असे तीन पिचर वेव्हर्सवरून एकदम उचलले. तरी प्लेऑफ हुकलेच.

सप्टेंबरमध्ये रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) २६वरून २८ होतं, पण पिचर जास्तीत जास्त १४. म्हणजे हाताशी एकच जादा हात! खरं दुखणं वेगळं असतं. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) पाचव्या इनिंगमध्येच बाहेर पडला की नऊपैकी उरलेल्या निदान चार इनिंग रिलिव्हरांच्या, म्हणजे बुलपेनमधल्या पिचरांच्या माथी. लागोपाठ दोन दिवस टाकलेला रिलिव्हर तिसऱ्या दिवशी आला, तर त्याचा स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) वळायचा सोडून प्लेटच्या मधोमध लोंबकळतो. त्यात २०२०पासूनचा तीन बॅटरांचा नियम, म्हणजे आलेल्या पिचरने निदान तीन बॅटरांना टाकायचंच: इनिंग संपली नाही, तर मार खाणाऱ्यालाही लगेच काढता येत नाही.

म्हणून माझं मत, चार धावांची आघाडी असेल तर क्लोजरला (शेवटची इनिंग टाकणाऱ्या रिलिव्हरला) बसवाच. आणि वाइल्ड कार्डचं (गटविजेत्यांखेरीज इतरांना मिळणाऱ्या प्लेऑफच्या जागांचं) गणित मांडताना आपसातला रेकॉर्ड आधी बघा; बरोबरी झाली तर २०२२पासून १६३वा, म्हणजे बरोबरी फोडणारा जादा सामना होत नाही.