नवरदेव मागे राहिला

परभणीहून मावशी यायची होती, तिला उतरवून घ्यायला परवा दुपारी कल्याणला गेले होते. फोनवर पाहिलं तर गाडी ४७ मिनिटं उशिरा. पाऊण तास नाही, पन्नास मिनिटं नाही, मोजून ४७! गाडी आत्ता कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे आहे, मागचं स्टेशन तिने किती वाजता सोडलं, पुढचं किती किलोमीटरवर आहे, सगळं तिथे लिहिलेलं. उशीर कशामुळे झाला, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

माझं हे जुनं दुखणं आहे. उशिराचं मला काही वाटत नाही. डोंबिवलीत आयुष्य काढलेल्या बाईला उशिराचं काय वाटणार? पण कारण कळलं नाही की चैन पडत नाही. लाउडस्पीकरवरची बाई सांगते, ‘तांत्रिक कारणामुळे’. आता हे काय कारण झालं? शेजारणीला विचारावं, काल हळदीकुंकवाला का नाही आलात, आणि तिने म्हणावं, ‘कौटुंबिक कारणामुळे’. म्हणजे सांगायचं नाहीये, एवढंच आपल्याला कळतं. तेही दिलगिरीसकट.

लेडीज डब्यात मात्र कारणांचा कधी तुटवडा पडत नाही. गाडी मधेच थांबते, पंख्यांची घरघर एकदम ऐकू यायला लागते, आणि मांडीवर पिशवी पसरून मटार सोलणारी कुणीतरी मान वर न करता सांगते, “फास्ट पुढे काढतायत.” दुसरी म्हणते, “छे हो, दिव्याचं फाटक उघडं असेल.” तिसरीच्या नवऱ्याचा फोन आलेला असतो, त्यामुळे तिची बातमी पक्की असते: मुंब्र्याच्या पुढे मालगाडीचं इंजिन बसलंय. त्यातलं खरं काय, याची शहानिशा आजवर कुणी केलेली नाही. पण काहीतरी कारण हातात आलं की डबा निवांत होतो आणि मटार पुढे सुरू होतात.

इतक्या वर्षांत या कारणांचं पंचांगच पाठ झालंय. संक्रांतीला ओव्हरहेड वायरीत मांजा. जूनमध्ये कुर्ला-शीवला पाणी. थंडीच्या पहाटे रुळाला तडा. हे तड्याचं मला एका ओळखीच्या रेल्वेवाल्याने समजावून सांगितलं, तेव्हापासून त्याच्याबद्दल आदर वाटतो. रूळ हल्ली लांबच लांब एकसंध जोडलेले असतात. रात्रीच्या गारठ्यात पोलाद आखडतं, आखडायला जागा नसते, आणि सगळा ताण एखाद्या कच्च्या जोडावर येतो. म्हणून तडा जायचा तो बहुधा पहाटे, पहिल्या गाड्यांच्या वेळेला. आणि अनेकदा तो नजरेस पडतो तो हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालत निघालेल्या कीमनच्या. आपण साडेसातच्या गाडीला शिव्या घालत असतो, तेव्हा तो माणूस लाल झेंडी घेऊन उभा असतो. राहता राहिला रविवारचा मेगाब्लॉक. पण ते काही कारण नव्हे, तो एक वारच आहे.

कोकण रेल्वेने तर उशीर सरळ छापूनच टाकला. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिचं वेळापत्रकच वेगळं. तांबड्या मातीतून कापत नेलेली रेल्वे ती, बहुतेक ठिकाणी एकेरी, दोन्ही बाजूंना दरडी. धो धो पाऊस लागला आणि पुढचं दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, अशी ताकीद असते. रात्रभर रुळांवर गस्त असते. गाडी उशिरा पोहोचणार हे मे महिन्यातच जाहीर, त्यामुळे ती उशिरा पोहोचतच नाही. गणपतीला निघालेला चाकरमानी तरीही कुरकुरतो म्हणा, पण तो त्याचा हक्कच आहे.

आमचं आजोळ परभणीला. मनमाडला मोठी गाडी सोडायची आणि पलीकडच्या फलाटावरच्या मीटर गेजच्या छोट्या गाडीत बसायचं. मे महिना, लाकडी बाक, खिडकीतून येणारे कोळशाचे कण, आणि आईच्या पायाशी फिरकीचा तांब्या. त्यातलं पाणी परभणीपर्यंत पुरवायचं असल्यामुळे आम्हाला झाकणाने मोजून मिळायचं. एकेरी मार्ग, त्यामुळे दर दोन-चार स्टेशनांनी क्रॉसिंग. आपण बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं, समोरची गाडी येईल, मग आपण निघायचं. तिला यायला पाच मिनिटं लागोत नाहीतर तास.

जालन्याच्या पुढे असंच एका स्टेशनात आम्ही उभे होतो. स्टेशन म्हणजे काय, एक कौलारू खोली, दोन कडुलिंब आणि एक रांजण. बराच वेळ झाला. बापे मंडळी खाली उतरून लिंबाखाली बसली, कुणी विडी पेटवली, एकाने तर धोतर झटकून पसरलं आणि आडवा झाला. शेवटी आई मला आणि दादाला घेऊन स्टेशन मास्तरांच्या खिडकीशी गेली. मास्तर सिकंदराबादकडचे, तेलुगू. त्या वेळी त्या मार्गावर असे बरेच असत. ते फोनचं हँडल फिरवून पलीकडच्या स्टेशनाशी ओरडून बोलत होते. मग रिसीव्हर ठेवून खिडकीशी आले आणि म्हणाले, “अम्मा, दूल्हा छूट गया.”

झालं होतं असं. समोरून येणाऱ्या गाडीत एक वऱ्हाड होतं. नवरदेव पाणी प्यायला म्हणून मागच्या स्टेशनात उतरला आणि गाडी निघाली. त्याच्या मामाने साखळी ओढली. आता साखळी ओढून गाडी थांबवणं सोपं, पण पुन्हा चालू करणं तेवढं सोपं नाही. गार्डने खाली उतरून कुठल्या डब्यातली साखळी ओढली ते शोधायचं, ती जागेवर आणायची, मग इंजिनाने पुन्हा व्हॅक्यूम धरायचा, तोवर ब्रेक सुटत नाहीत. आणि इथे तर नवरदेव यायचा होता, रुळांच्या कडेच्या खडीवरून, नव्या कोऱ्या जोड्यात.

आईने ही बातमी लिंबाखाली नेऊन पोचवली मात्र, सगळा नूरच पालटला. झोपलेला उठून बसला. विडीवाल्याने स्वतःच्या लग्नात काय झालं ते सांगायला घेतलं. एका आजीबाईंनी निकाल दिला, “हळद लागल्यावर नवरदेवाला एकटं सोडत्यात का कुठं? वऱ्हाडच येडं.” मगाशी रेल्वेच्या नावाने बोटं मोडणारे सगळे आता गाडीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. तिला आणखी उशीर झाला असता तरी कुणाची ना नव्हती.

ती आली. इंजिनाने धूर सोडला, ड्रायव्हरने वेताचं कडं खाली टाकलं, पॉइंट्समन ते उचलून मास्तरांकडे धावला. कड्याला लटकवलेल्या चामडी पिशवीत लोखंडी गोळा असायचा. तो गोळा मास्तरांनी लाल यंत्रात टाकला, घंटीची ठोकाठोक झाली आणि आमच्यासाठी गोळा बाहेर पडला. तो हातात आल्याशिवाय आमच्या ड्रायव्हरने हलायचं नव्हतं. पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता? आम्ही सगळे नवरदेव शोधत होतो. तिसऱ्या का चौथ्या डब्यात सापडला. हळदीने पिवळेधमक हात, डोक्याला टोपी, हातातल्या कट्यारीच्या टोकाला खोचलेलं लिंबू, आणि चेहरा असा की कुणी काही विचारायची सोय नाही. शेजारी मामा, तो मात्र सगळ्यांना हात जोडून दाखवत होता. आमच्या गाडीतून कुणीतरी शिट्टी मारली. आजीबाईंनी खिडकीतूनच कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

परभणीला किती उशिरा पोचलो कोण जाणे. मामाने स्टेशनावर विचारलं, “का गं एवढा उशीर?” तर आम्ही दोघांनी एकदमच ओरडून सांगितलं.

असं कारण पुन्हा कधी वाट्याला आलं नाही. तरी ऐकीव, वाचीव कारणं मी जमवत असते. इंग्लंडमध्ये शरद ऋतूत झाडांची पानं रुळांवर पडतात, ओली पानं चाकांखाली चिरडून त्यांचा काळा बुळबुळीत थर बसतो, आणि गाडीला ना पकड मिळते ना ब्रेक. तिकडे राहणाऱ्या माझ्या भाचीला सुरुवातीला वाटलं, आपली चेष्टा चाललीय. पण तो थर पाण्याच्या फवाऱ्याने खरवडून काढायला वेगळ्या गाड्या ठेवल्यात म्हणे. जपानच्या डोंगराळ भागात दर आठ वर्षांनी वाणी निघतात, आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर चढतात तेच. ते हजारोंनी रुळावर येतात आणि चाकं घसरतात. आणि २०१९ च्या मे महिन्यात जपानमध्येच क्यूशू बेटावर एकदम वीज गेली, २६ गाड्या रद्द झाल्या, बारा हजार प्रवासी अडकले. शोधाशोध केल्यावर सापडली काय, तर विजेच्या पेटीत शिरून जळालेली एक गोगलगाय, तीही शंख नसलेली. माणसाचं सगळं तंत्रज्ञान आणि विज्ञान एका बाजूला आणि ती एका बाजूला. आपल्याकडेही वंदे भारत मुंबई-गांधीनगर मार्गावर धावायला लागून आठवडा झाला नव्हता तोच म्हशी आडव्या आल्या, २०२२ च्या ऑक्टोबरात. गाडीचं नाक फुटलं. म्हशींना वेळापत्रक कुणी दाखवलं नसावं.

एकदा उशीर झालेल्या गाडीला आणखी उशीर का होतो, हेही मला त्या रेल्वेवाल्यानेच सांगितलं. प्रत्येक गाडीला रुळांवर तिची ठरलेली फट असते. ती हुकली की वेळेवर धावणाऱ्या बाकीच्या गाड्यांच्या वाटेत ही उपटसुंभ ठरते. मग हिला बाजूला काढा, राजधानी जाऊ द्या, लोकल जाऊ द्या. अगदीच अन्याय नको म्हणून शेवटच्या स्टेशनाच्या आधी वेळापत्रकात थोडा जादा वेळ घालून ठेवलेला असतो. त्यामुळेच कल्याणला वीस मिनिटं उशिरा आलेली गाडी मुंबईला वेळेवर टेकते. शिवाय मुक्कामी पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरतच नाहीत. आमच्या ऑफिसात हे कुणाला तरी सांगायला हवं.

मुंबईने तर एकेकाळी गाडीवरच कडी केली होती. जुन्या काळी रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबई आपल्या स्थानिक वेळेवर, म्हणजे अर्धा तास मागे. घरचं घड्याळ बघून निघालेल्याची गाडी गेलेलीच असायची. पुढे १९०६ मध्ये देशभर एक वेळ आली, ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. मुंबई हट्टाला पेटली आणि आपली वेगळी वेळ तिने १९५५ पर्यंत जपली. गाडी वेळेवर आणि अख्खं शहर लेट! त्यांना कुणी कारण विचारलं असेल का?

आता आम्हाला विचारतात. लेट मार्क लावणारा साहेब विचारतो, पाळणाघरातली ताई विचारते, घरी पोरगी विचारते. जपानमध्ये गाडीला उशीर झाला की रेल्वे तसा कागदच हातात देते, तो ऑफिसात दाखवायचा. इथे ‘गाडी लेट होती’ एवढं म्हटलं की भागतं. ते खरं आहे की खोटं, हे बघत बसायला समोरच्यालाही वेळ नसतो, तोही त्याच गाडीने आलेला असतो.

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. संध्याकाळची गाडी अशीच मधे थांबली. पंखे ऐकू यायला लागले. कोपऱ्यातली मेथी निवडत होती, ती म्हणाली, “कोणीतरी आलंय खाली.” या वेळी अंदाज नव्हता, दारातल्या मुलींना दिसलं होतं. मुंबईच्या लोकलच्या मार्गांवर, कोविडची दोन वर्षं सोडली तर, वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं जातात. सगळ्यांत जास्त रूळ ओलांडताना, त्याखालोखाल गाडीतून पडून. स्टेशनातून स्ट्रेचर घेऊन हमाल येतात, पोलीस येतात, कागद होतो, आणि गाडी निघते. एक बाई ‘अरेरे’ म्हणाली. एकीने घरी फोन लावून कुकर चढवायला सांगितला. बाई होती की माणूस, कुणीतरी विचारलं. मुलींनी सांगितलं नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटांत हलली.

घरी गेल्यावर पोरीने विचारलं, “आज का गं उशीर?”

“सिग्नल फेल,” म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली.